एक्केचाळीस नंबरची टेप

जालना रोडला ट्रस्टचा एक मोठा दवाखाना आहे. त्याच्या तळघरात, पाण्याची टाकी आणि मोडक्या खाटांची अडगळ यांच्या मधोमध, एक थंडगार खोली आहे. दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना ती खोली जनरेटरची वाटते आणि उरलेल्या निम्म्यांना ती आहे हेच ठाऊक नाही. तिथं आठ वर्षांपासून कडूबा बसतो. बाहेर मे महिन्याचं त्रेचाळीस डिग्री ऊन आणि कडूबाच्या अंगात लोकरीचा स्वेटर, हे बघून लिफ्टवाले हसतात. कडूबा त्यांना हसू देतो. हसणाऱ्यांवर चिडत बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि चिडायला त्याच्याकडं दुसरं पुष्कळ आहे.

कडूबा मूळचा कन्नड तालुक्यातल्या डोंगराकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडलांना, म्हणजे आप्पांना, अंक ओढूनताणून शंभरापर्यंत यायचे, पण दोनशे मेंढरं वाघुरीच्या जाळीत कोंडताना ते न मोजता सांगायचे, "काळ्या कानाची कपाळपांढरी आली नाय." मेंढरांमागं जायचं नाही म्हणून कडूबा बारावी झाला, शहरात आला, बजाजनगरात खोली केली आणि वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटावर कॉम्प्युटरच्या टेपा बदलायला लागला. ती कंपनी एक दिवस कुलूप लावून गुजरातेत गेली. हाताला टेपा बदलायचं एवढं एकच कसब, ते घेऊन तो या दवाखान्यात आला. मेंढरं सुटली पण राखण काही सुटली नाही, असं त्याची बायको सुगंधाबाई म्हणते, आणि तिचं सहसा चुकत नाही.

काम म्हटलं तर सोपं. दवाखान्यात दिवसभर जेवढे एक्स-रे, सोनोग्राफ्या आणि सीटी स्कॅन निघतात, त्यांची एक प्रत आधी मोठ्या डिस्कवर येते आणि तिथून सावकाश टेपेवर जाते. नवा माणूस आला की कडूबा त्याला समजवायचा, "डिस्क म्हंजे वसरी अन् टेप म्हंजे बळद. सुगीला धान्य आधी वसरीवर पडतं, मंग सवडीनं बळदात जातं. वसरी मोकळी झाली की पुढली गाडी उतरवायची." नवा माणूस मान डोलवायचा आणि महिन्याभरात बरी नोकरी बघून पुण्याला पसार व्हायचा. बळदात धान्य टाकताना कुणी विचारायला येत नाही. काढायची वेळ आली की मात्र सगळं गाव दारात उभं राहतं आणि म्हणतं, अजून कसं निघेना?

त्या शुक्रवारी तसंच झालं. त्यात शुक्रवार कडूबाच्या गल्लीत पाण्याचा. दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता, जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि नळाला आठवड्यातून एकदा दीड तास पाणी यायचं. त्या दीड तासात घरातल्या प्रत्येक माणसानं ड्रम, हंडे, बादल्या, झालंच तर कुकरसुद्धा घेऊन उभं राहायचं, असा बजाजनगरचा अलिखित कायदा होता. कडूबानं साडेबारापासून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. पावणेबाराला तो स्वेटर काढायला लागला आणि तेवढ्यात दार उघडून मनस्विनी मॅडम आत आल्या.

डॉक्टर मनस्विनी म्हणजे सीटी स्कॅनचे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर. आठ वर्षांत त्या कधी तळघरात उतरल्या नव्हत्या. त्यांच्यामागं साठीची एक म्हातारी होती, नाकात जुनी मोरणी, पायात टायरच्या चपला. तिच्यामागं तिचा नवरा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. उन्हाळ्यात घोंगडी घेऊन हिंडणारा माणूस बघितला आणि कडूबाला कळलं, ही आपली माणसं.

"कडूबाभाऊ, या आवडाबाई आणि हे खंडेराव, कन्नडकडचे," मॅडम म्हणाल्या. "बाईंच्या उजव्या फुप्फुसात गाठ दिसतेय. उद्या सकाळी पुण्याचे सर्जन येतायत, फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढायचं ठरलंय. पण बाई म्हणतात, त्यांचा असाच फोटो आपल्याकडं फार पूर्वी काढलाय. तो जुना फोटो मिळाला आणि त्यात हीच गाठ एवढीच असली, तर ती जुनी खूण आहे, चाकू लावायचं कारण नाही. मिळाला नाही तर मला थांबवता येणार नाही. सर्जन यादी सहाला पक्की करतात."

"फिल्म असंल की घरी," कडूबा आशेनं म्हणाला.

"व्हती की," आवडाबाई म्हणाली. "खोपटाच्या झरोक्याला लावली व्हती, काच म्हनून. उन्हानं पार काळीठिक्कर झाली."

"आणि रजिस्टर?"

"मोफत शिबिरातला फोटो आहे तो," मॅडम म्हणाल्या. "शिबिराचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. कुठलं साल ते बाईंना आठवत नाही. माझी माणसं दोन दिवस शोधतायत."

आता मेख अशी होती की सालाशिवाय काही हलणार नव्हतं. चार वर्षांपूर्वी दवाखान्यानं नवं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा जुन्या टेपांची यादी नव्यात आलीच नाही. ती आणायचे वेगळे पैसे पडतात म्हणून वरच्यांनी ते कलम खोडलं होतं. कुठल्या टेपेवर कुठला महिना आहे, हे आता जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ती जागा म्हणजे कडूबाच्या टेबलाच्या खणातली दोनशे पानी वही.

कडूबानं स्वेटर पुन्हा चढवला. "मावशे, कवा काढला व्हता फोटू?"

"दुष्काळ व्हता भाऊ तवा."

"ह्या मुलखात दुष्काळ कवा नव्हता त्ये सांगा. कोनता दुष्काळ?"

"पानी नव्हतं, त्यो."

कडूबानं डोळे मिटले. गेले दोन दिवस मॅडमच्या माणसांनी हिला काय काय विचारलं असेल, ते त्याला दिसलं. तारीख काय, महिना कोणता, आधार कार्ड आणलं का. आप्पांना कुणी त्यांची जन्मतारीख विचारली तर ते असेच उगीमुगी बघायचे. डोळे उघडून त्यानं दुसऱ्या वाटेनं विचारलं.

"बरं, मेंढरं कुठं व्हती तवा?"

म्हातारीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चिकलठान्याच्या माळावर, इमानतळाच्या मागल्या अंगाला. चाराच नव्हता कुठं. ह्ये मेंढरं राखायचे अन् म्या बिल्डिंगीवर रेती चाळाया जायची. नव्या नव्या लई बिल्डिंगी चालल्या व्हत्या तिथं. त्या धुरळ्यानंच खोकला लागला म्हनून शिबिरात आनलं मला."

"लातूरला पान्याची रेल्वे आली, ते साल का?"

"नाय बा. त्याच्या लई आधी."

"गारा पडल्या, मेंढरं मेली, त्याच्या आधी का मागून?"

आता खंडेराव पहिल्यांदा बोलला. "आधी. गारांत आमची चाळीस गेली. त्या साली ती चाळीस जित्ती व्हती. त्यातली धा तर चिकलठान्यातच जल्मली."

"कातरनी झालती?"

"नुकतीच. लोकरीला गिऱ्हाईक नव्हतं. शिमगा यायचा व्हता."

कडूबानं वही उघडली. गारपीट दोन हजार चौदाच्या शिमग्याला. त्याच्या आदला मोठा दुष्काळ तेराचा. कातरणी झालेली, शिमगा पुढं, म्हणजे मार्च. त्यानं बोट खाली सरकवत नेलं आणि थांबवलं. "दोन हजार तेरा, मार्च. टेप नंबर एक्केचाळीस." मनस्विनी मॅडम त्याच्याकडं बघतच राहिल्या. कडूबाला बरं वाटलं. त्या दिवसात बरं वाटण्याची ती शेवटची वेळ.

"माझं चालनं जाईल ना, भाऊ?" जाताना आवडाबाईनं विचारलं. "डाक्टर म्हनले, कापल्यावर घाट चढायचा नाय. मंग मेंढरामागं कोन जाईल? ह्यांच्या गुडघ्यात काय राह्यलं नाय."

"बघतो," कडूबा म्हणाला. त्यानं सुगंधाबाईला फोन लावून सांगितलं की येत नाही. ती जे म्हणाली ते त्यानं फोन कानापासून लांब धरून ऐकलं.

पहिली अडचण वसरीची. टेपेवरचं काढायचं तर आधी डिस्कवर उतरावं लागतं, आणि डिस्क काठोकाठ भरलेली. कशानं भरली म्हणून बघितलं तर ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवाचा व्हिडिओ! अध्यक्षांचं भाषण समोरून, अध्यक्षांचं भाषण बाजूनं, अध्यक्षांचं भाषण ड्रोनमधून, आणि पुन्हा एकदा समोरून. पेशंटच्या फोटोंच्या जागेत ते कुणी आणून ओतलं, हे विचारायची गरज नव्हती. कडूबा तीन मजले चढून प्रशासक व्यंकटरावांच्या केबिनमध्ये गेला.

व्यंकटराव माणूस वाईट नव्हता. वाडवडील पैठणला भिक्षुकी करणारे, वडील निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून, आणि दोन्हींचा वसा व्यंकटरावांनी एकत्र चालवला होता. म्हणजे कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते वर श्री काढायचे आणि मग सही करायचेच नाहीत.

"पुसायचं?" ते म्हणाले. "अरे कडूबा, अध्यक्षांचं भाषण आहे त्यात. असं कर, तू एक रीतसर अर्ज दे."

"साहेब, बाईचं फुप्फुस कापायलेत उद्या."

"म्हणूनच म्हणतो, अर्ज लवकर दे."

कडूबा खाली आला आणि त्यानं अर्ज लिहिला. मग चार भाषणांतली तीन पुसली. चौथं समोरून घेतलेलं तेवढं ठेवलं. अध्यक्षही शाबूत, भाषणही शाबूत. अर्ज टेबलावर तसाच राहिला, तो आजही तिथंच असेल. एवढ्यात एक वाजून गेला होता.

दुसरी अडचण मात्र साधी नव्हती, आणि तिच्यावर कडूबा गेली पाच वर्षं मनातल्या मनात जळत होता. टेपा हाताळायला दवाखान्यात एक कपाटाएवढं यंत्र आहे. त्यात चोवीस खण, आणि आत एक लोखंडी हात. तो हात टेपेच्या तोंडावर चिकटवलेला बारकोड वाचतो, हवी ती टेप उचलतो आणि वाचायच्या जागी घालतो. बारकोड वाचता आला नाही तर त्याच्या लेखी ती टेप परकी. आणि यंत्राबाहेर, शेजारच्या कपाटात ठेवलेल्या साठ जुन्या टेपांपैकी एकीचाही बारकोड वाचता येण्यासारखा नव्हता, कारण व्यंकटराव दर खंडेनवमीला तळघरात येऊन एकूणएक टेपेच्या तोंडाला ओलं कुंकू लावत.

खंडेनवमीला यंत्राची, हत्याराची पूजा करायची ही आपली रीतच आहे. वाळूजला तर त्या दिवशी लेथ मशीनपासून चहाच्या गाडीपर्यंत सगळं झेंडूनं झाकून जातं. त्याबद्दल कडूबाचं काही म्हणणं नव्हतं. कुंकू यंत्राच्या पत्र्याला लावा, दाराला लावा, साहेबांच्या खुर्चीला लावा. पण टेपेच्या नेमक्या बारकोडावर? दरसाल तो दसऱ्याला गावी जायचा, परत येऊन बघायचा तर साठ टेपा नवरीसारख्या कपाळ भरून बसलेल्या. यंत्रातल्या चोवीस टेपांची लेबलं तो निमूट बदलायचा. कपाटातल्या जुन्यांना कोण विचारतं म्हणून त्या तशाच सोडायचा. साहेबांना तोंडावर बोलायची छाती नव्हती, बोलायचं ते घरी सुगंधाबाईपुढं, आणि तीही आता म्हणायची, "ते कुक्कवाचं ऱ्हाऊ द्या, भाकरी खा."

ओल्या कपड्यानं पुसून बघितलं. कुंकू गेलं नाही, लेबलावरची शाई तेवढी गेली. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, एक बार रीस्टार्ट करके देखिए." त्यानं रीस्टार्ट केलं. लोखंडी हात बारा मिनिटं चोवीस खण चाचपत फिरला आणि पडद्यावर म्हणाला, अनोळखी टेप. "सर, लेबल साफ है ना?" मुलीनं विचारलं. "लेबलपे कुंकू है," कडूबा म्हणाला. "क्या है सर?" मग कडूबानं तिला कुंकू म्हणजे काय, खंडेनवमी म्हणजे काय आणि व्यंकटराव म्हणजे काय हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, यह ऑप्शन हमारी लिस्ट में नहीं है."

आता एकच मार्ग उरला. टेप हातानं यंत्रात घालायची, यंत्राला तिच्या पोटातलं नाव वाचायला लावायचं, नाव चुकीचं निघालं की काढायची आणि दुसरी घालायची. एका टेपेला दहा मिनिटं. साठ टेपांना दहा तास. हातात होते चार.

कडूबानं सगळ्या टेपा जमिनीवर मांडल्या आणि समोर मांडी घालून बसला. आप्पांना दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखू यायची. आपल्याला साठ टेपा ओळखू येऊ नयेत? आणि खरोखर यायला लागल्या. ही कोपरा उडालेली, पंधरा सालची. ही जड खोक्यातली, शेवटच्या खरेदीची. हिच्या पाठीवर चहाचा डाग, तो आपलाच. कुंकवाखालून कुठं एखादा आकडा डोकावत होता, तो धरून बाकीचे लावता येत होते. तासाभरात पंचावन्न टेपा बाजूला निघाल्या. उरल्या पाच. त्या एकेक करून त्यानं यंत्रात घातल्या. सतरा नंबर. बावन्न. एकोणतीस. आठ. पाचवी निघाली तेहतीस.

एक्केचाळीस नव्हतीच.

साडेतीन वाजले होते. सुगंधाबाईचा फोन आला, पाणी आलं आणि गेलं, चार हंडे भरले, ड्रम मोकळाच. वहीत एक्केचाळीस लिहिलेली होती, स्वतःच्या अक्षरात, आणि कपाटात ती नव्हती. बारावीला गणितात नापास होऊन पुन्हा बसला तेव्हाही त्याला एवढं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. त्या म्हातारीला आता वर जाऊन काय सांगायचं? मावशे, घाट विसरा, आमच्याकडं कुंकवाचं लई पवित्र काम झालंय?

तेवढ्यात व्यंकटराव आले. पुसलेल्या भाषणांची बातमी वर पोचली होती. "कडूबा, हे बरं नाही केलंस," असं ते दारातूनच सुरू झाले, आणि कडूबाचा पाच वर्षांचा बांध फुटला.

"साहेब, तुमचं भाषन गेलं मसनात! ह्ये बघा, साठ टेपा, एकीचं तोंड दिसंना. मशीन म्हंजे काय देव्हारा हाय व्हय? आंधळी करून ठेवली तुम्ही तिला. अन् जी पायजे ती एक टेप कपाटातूनच गायब. उद्या त्या बाईला टेबलावर घेतील, त्ये तुमच्या कुक्कवापायी!"

व्यंकटरावांचा चेहरा पडला. त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे कुंकवानं काही बिघडतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. ते जमिनीवरच्या टेपांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "या साठच आहेत का? एकसष्ट होत्या ना."

"एकसष्टावी कुठं हाय मंग?"

व्यंकटरावांनी चपला काढल्या, स्टुलावर चढले आणि कपाटाच्या अगदी वरच्या खणातून लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. ते बोचकं कडूबानं पाच वर्षं बघितलं होतं. साहेबांचं पूजेचं सामान म्हणून त्यानं त्याला कधी हात लावला नव्हता. फडकं सोडलं तर आत एक सुपारी, सुकलेली आपट्याची पानं आणि एक टेप. टेपेच्या तोंडाला कुंकू नव्हतं. जुनी, खडखडीत वाळलेली हळद होती.

"मी चौदा साली रुजू झालो," व्यंकटराव म्हणाले. "पहिल्या खंडेनवमीला इथं आलो, तू गावी गेलेलास. कपाटात ही एक टेप अशी हळद माखलेली दिसली. म्हटलं, इथल्या मशीनवाल्यांची रीत दिसतेय. आपण नवे, चालू रीत कशाला मोडा? आणि देवाची म्हणून एकीलाच पूजा, बाकीच्यांना नाही, हे बरं दिसेना. म्हणून सगळ्यांना कुंकू लावलं आणि हिला मानाची म्हणून वर ठेवली. मला वाटलं तुलाही ते आवडत असेल. तू कधी नको म्हणाला नाहीस."

कडूबानं टेप हातात घेतली. ती हळद नव्हती, भंडारा होता, आणि तो कुणी लावला ते आता त्याला लख्ख आठवलं. तेरा सालचा मार्च. दोन वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं तो ऑपरेटर न सांगता सोडून गेला होता आणि ही पहिली टेप कडूबानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं भरली होती. गावाकडं पहिलटकरीण मेंढी व्याली की आप्पा तिच्या कपाळाला भंडारा लावायचे. त्या रविवारी कडूबा शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला जाऊन आला होता, खिशात पुडी होती. चिमूटभर भंडारा पाण्यात कालवून त्यानं टेपेच्या तोंडाला बोट लावलं होतं. नेमकं बारकोडावर, कारण तोंड तेवढंच होतं.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पाच वर्षं ज्या माणसाच्या नावानं आपण भाकरीवर राग काढला, तो बिचारा आपलीच रीत पाळत होता. रागावायला आता समोर कुणी उरलं नव्हतं, आणि राग तर सगळा जागच्या जागी होता.

"साहेब, हे म्याच लावलंय," तो म्हणाला.

व्यंकटरावांनी जमिनीवरच्या टेपा उचलून कपाटात लावायला घेतल्या, एकेक करून, दोन्ही हातांनी.

कडूबानं टेप यंत्रात घातली आणि पोटातलं नाव वाचलं. एक्केचाळीस. पावणेचारला टेप फिरायला लागली. टेपेला घाई कळत नाही. ती आपल्या गतीनं उलगडत जाते, मधे थांबते, मागं येते, पुन्हा पुढं जाते, आणि पडद्यावर शेकड्याचा आकडा मुंगीच्या पावलानं चढतो. सोळा टक्क्यांवर ती सात मिनिटं अडकली, तेव्हा कडूबानं देवाचं नाव घेतलं नाही. आज देवाला मधे आणायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. व्यंकटराव स्टुलावर बसून होते. कुडकुडत होते, पण गेले नाहीत. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी शेवटचा तुकडा डिस्कवर उतरला. नावानं शोधलं. आवडाबाई खंडेराव, वय अंदाजे पंचावन्न.

मनस्विनी मॅडमनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. मापं घेतली, पुन्हा घेतली. मग म्हणाल्या, "तीच आहे. सहा वर्षांत तांदळाएवढीही वाढली नाही." आणि त्यांनी सर्जनना फोन लावला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती.

कडूबा तिथं थांबला नाही. खाली येऊन त्यानं दिवे मालवले, रिक्षानं क्रांती चौक आणि तिथून बस धरून घर गाठलं, आणि शेजारच्यांकडून दोन हंडे पाणी मागून आणलं. सुगंधाबाईला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "म्हंजे पाच वर्सं मी तुमचीच चहाडी ऐकत व्हते."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास तळघराचं दार वाजलं. दारावर सकाळीच एक कागद चिकटवलेला होता, व्यंकटरावांच्या वळणदार अक्षरात, वर श्री काढून: आत हळदकुंकू नेण्यास सक्त मनाई आहे. खाली सहीसुद्धा होती. त्या कागदापुढं आवडाबाई उभी होती, मागं घोंगडीवाला खंडेराव. कन्नडची एसटी दीडची होती. तिला वाचता येत नव्हतं. मूठ मिटलेली होती आणि बोटांच्या फटींतून पिवळं दिसत होतं.

"त्या मशिनीला लावायचाय, भाऊ. तिनं माझा घाट वाचीवला."

कडूबा दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला. "नाय! मावशे, हात जोडतो. मशिनीला नाय लावायचा. हितून लांब व्हा आधी."

म्हातारी गोंधळली. तिला त्याचा राग कळेना. "मंग माझा फोटू सा वर्सं कुनी सांभाळला?"

मशिनीनं, असं कडूबा सवयीनं म्हणणार होता. आठ वर्षं त्यानं सगळ्यांना तेच सांगितलं होतं, मशिनीत आहे, मशीन देईल, मशीन वेळ घेतंय. सांभाळलं कुणी, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शब्द त्याच्या जिभेवरून परत गेला. त्यानं मागं हात करून दार ओढून घेतलं, चष्मा काढला आणि म्हातारीचा हात पोचावा म्हणून पायरीवर खाली बसला.

तिनं मूठभर भंडारा त्याच्या कपाळाला फासला, थोडा केसांतही गेला. खंडेरावानं मागून "येळकोट" म्हटलं. दोघं एसटीकडं निघाली तसा कडूबा उठला. कपाळ त्यानं पुसलं नाही. हात मात्र आत जाण्याआधी दोनदा धुतले, टाकीतलं पाणी त्या दिवशी तळाला गेलं होतं तरी.